यजमानांनी सांगितलेली गोष्ट

मुंबईतला ज्यू वारसा दाखवणारं एखादं रील तुमच्याही समोरून गेलं असेल. क्रम साधारण ठरलेला असतो. काळा घोडा, ‘निळं सिनेगॉग’ म्हणून प्रसिद्ध असलेलं केनेसेथ एलियाहू, रंगीत काचांतून आत पडलेला उजेड. मग डेव्हिड ससून लायब्ररी, ससून डॉक, वेळ उरला तर भायखळ्याचं मागेन डेव्हिड आणि त्याचा घड्याळाचा मनोरा. मागे पियानो. आणि शेवटच्या पाच सेकंदांत एक वाक्य : जगभर ज्यूंचा छळ झाला, फक्त भारतात कधीच झाला नाही. त्याच्यापुढे तिरंग्याचा इमोजी.

पैसे भरून हेरिटेज वॉक केला तरी फार वेगळं काही हाती लागत नाही. सांगणाऱ्याला सनावळ्या जास्त पाठ असतात, कमानीचा प्रकार कोणता हे त्याला माहीत असतं, पण शेवटचं वाक्य तेच. आपण चांगले यजमान होतो. ऐकणारा खूश, सांगणारा खूश, आणि सगळे इराणी हॉटेलात चहा प्यायला मोकळे.

मला त्या वाक्याबद्दल लिहायचं आहे, कारण ते बरंचसं खरं आहे. खोटं असतं तर एका पोस्टमध्ये खोडून मोकळं होता आलं असतं. कोकणात बेने इस्राएल लोकांची वस्ती शतकानुशतकं राहिली आणि धर्माच्या नावाखाली शेजाऱ्यांनी त्यांची घरं जाळल्याचं इतिहासात सापडत नाही. ही छोटी गोष्ट नाही. तरी ‘कधीच’ हा शब्द जरा जपून वापरायला हवा. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य, ज्यू वंशातून सक्तीने ख्रिस्ती झालेल्या घराण्यातला. सोळाव्या शतकात मुंबई बेटच त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. तो मेल्यावर गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याची बहीण कातारिना हिला 1569 मध्ये जिवंत जाळलं आणि 1580 मध्ये खुद्द त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली. छळणारे पोर्तुगीज होते, आपण नव्हतो, हे कबूल. पण जमीन हीच होती. ज्या शहराच्या वारशाचा वॉक चाललाय, त्याच शहराचा एकेकाळचा पट्टेदार या गोष्टीत कुठेच नसतो.

माझी खरी तक्रार मात्र दुसरी आहे. या वॉकमध्ये ज्यू माणूस नेहमी पाहुणा असतो. तो आला, त्याला आपण जागा दिली, त्याने बदल्यात सुंदर इमारती बांधल्या, मग तो गेला. गोष्ट त्याची असल्यासारखी वाटते, पण सगळी यजमानांबद्दल असते.

आता पाहुणा हा शब्द बेने इस्राएल लोकांना लावून बघा. त्यांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. ही आठवण किती जुन्या काळाची, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण आडनावं पाहा : रोहेकर, पेणकर, चेऊलकर, दिवेकर, केहिमकर, अष्टमकर, राजपूरकर. रायगड जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवून हजेरी घेतल्यासारखं वाटतं. धंदा तेलाच्या घाण्याचा, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. गावाने त्यांना एका जातीचं नाव देऊन आपल्या उतरंडीत बसवून टाकलं. पाहुण्याला कोणी असं बसवत नाही.

मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग काळा घोड्याला नाही, मांडवीत सॅम्युएल स्ट्रीटवर आहे. नाव शार हारहमीम, म्हणजे दयेचं दार. 1796 मध्ये ते उभं केलं सामाजी हसाजी दिवेकर यांनी. इंग्रजी पुस्तकांत त्यांचं नाव सॅम्युएल इझिकेल दिवेकर असं छापलेलं असतं, पण सामाजी हसाजी म्हटल्यावर मराठी कानाला माणूस लगेच ओळखीचा वाटतो. ते कंपनी सरकारच्या पलटणीत होते. टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले, सुटले, आणि सुटकेचे आभार म्हणून त्यांनी हे मंदिर बांधलं, असं परंपरा सांगते. पुढे 1860 मध्ये ते आजच्या जागी आलं. म्हणजे मुंबईच्या ज्यू वारशाची पहिली वीटच लढाई आणि कैद यांतून आलेली आहे. आणि हो, मंदिर मी म्हणालो; बेने इस्राएल लोक पिढ्यानुपिढ्या त्याला ‘मशीद’ म्हणत आले. जुनी मशीद, नवी मशीद. मस्जिद स्टेशनाचं नाव याच मशिदीवरून पडलं असं सांगणारे पुष्कळ आहेत.

इथे थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. हे वॉक बहुतेक इंग्रजीत होतात. परदेशी पाहुणे असतात, ठीक आहे. पण मराठी मुलंमुलीही तिथे इंग्रजीत ऐकतात आणि इंग्रजीत कॅप्शन लिहितात. वास्तविक या वारशात मराठी माणसाला जे फुकट वाचता येतं, ते न्यूयॉर्कहून आलेल्या ज्यू पर्यटकालाही येत नाही. बेने इस्राएल लोकांच्या कबरींवर हिब्रूसोबत मराठी असतं. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा मराठी भाषांतरासह 1846 मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर छापली गेली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची पुस्तकामागून पुस्तकं मराठीत आणली. 1880 च्या सुमारास या समाजात कीर्तन सुरू झालं. आपल्याकडे होतं तसंच, पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी; फक्त आख्यान अब्राहामाचं किंवा योसेफाचं. एलियाहू हनाबीच्या नावाने ते मलिदा करतात, त्यात पोहे, ओलं खोबरं, गोड आणि फळं असतात. आमच्या वऱ्हाडात मलिदा म्हणजे पोळी कुस्करून गूळ-तूप, पण शब्द ऐकल्याबरोबर तोंडाला पाणी सुटतं ते दोन्हीकडे. इस्राएलला गेलेल्यांनी तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. हे सगळं आपल्या भाषेचं घरचं सामान आहे. आणि आपण ते बघायला जातो तेव्हा फोटो काढतो तो काचेच्या खिडकीचा.

खिडकी बांधली बगदादी ज्यूंनी. ससून घराणं 1830 च्या दशकात बगदादच्या जाचातून निसटून मुंबईत आलं आणि अफू-कापसाच्या व्यापारावर अफाट श्रीमंत झालं. वॉकमध्ये ‘व्यापार’ एवढंच सांगतात. अफू चीनला जात होती. कापूस म्हटल्यावर आमच्याकडचा कुणीही कान टवकारील. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1860 च्या दशकात मुंबईच्या कापसाला जो भाव आला, त्याच लाटेच्या काळात भायखळ्याचं मागेन डेव्हिड (1864) आणि पुण्याचं लाल देऊळ (1867) उभं राहिलं. वऱ्हाडात कापूस पेरणारा शेतकरी आणि रंगीत काच यांच्यामध्ये दलालांची किती लांब रांग होती, हे कुणीतरी एकदा बसून मोजायला हवं.

या बगदादींपैकी अनेकांनी बेने इस्राएल लोकांना बरोबरीचं मानलं नाही. प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत त्यांना धरायचं की नाही, तोरा वाचायला बोलवायचं की नाही, यावरून वाद झाले. खुद्द बेने इस्राएलमध्ये ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता, आणि त्यांच्यात रोटी-बेटी व्यवहार टाळला जाई. इस्राएलला गेल्यावर तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांवर शंका घेतली. आंदोलन झालं, आणि 1964 मध्ये सरकारला सांगावं लागलं की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. जात हा विषय आपल्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही. तरीही वॉकमध्ये तो वगळतात, कारण तो सांगितला की ‘सगळे गुण्यागोविंदाने’ हे चित्र विस्कटतं. सांगायला हवा तो नेमका त्यासाठीच. मानोऱ्याच्या मुलाला किंवा मुलीला ससूनची संपत्ती ऐकून काहीच लागत नाही. आपल्याच धर्माच्या मंदिरात मोजणीला न धरलेला माणूस म्हटलं की कळतं.

आता युद्ध. मुंबईच्या ज्यू वॉकमध्ये दुसरं महायुद्ध जवळजवळ नसतंच. ते युरोपात झालं, असं गृहीत धरलेलं असतं. सॅम्युएल स्ट्रीटवरून पूर्वेला चालत निघालात तर थोड्याच वेळात गोदीची भिंत लागते. 14 एप्रिल 1944 रोजी इथल्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फुटलं. पोटात दारूगोळा, सोन्याच्या विटा आणि कापसाच्या गठाणी. आग आधी गठाणींना लागली. स्फोटांनी शेकडो माणसं मेली, मांडवीचा परिसर होरपळला. शाळेत एप्रिलमध्ये अग्निशमन सप्ताह पाळल्याचं तुम्हाला आठवत असेल, तो याच दिवसापासून सुरू होतो. मुंबईचं सगळ्यात जुनं सिनेगॉग आणि मुंबईतली महायुद्धाची सगळ्यात मोठी जखम एकमेकांना लागून आहेत, आणि त्या दोन्ही एकाच फेरीत दाखवाव्यात असं कुणाला वाटत नाही.

जर्मनीतून, ऑस्ट्रियातून, चेकोस्लोव्हाकियातून पळालेले ज्यू याच बंदरात उतरले. त्यांच्या मदतीसाठी मुंबईत 1934 मध्ये ज्युइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. सगळ्यांसाठी दार सताड उघडं होतं असं नव्हतं. व्हिसा ब्रिटिश देत होते, हमी देणारा कुणीतरी लागायचा, नोकरीची खात्री लागायची. आलेल्यांपैकी एक वॉल्टर कॉफमन. 1934 मध्ये आला, 1937 पासून आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला, 1946 मध्ये गेला. आकाशवाणीची सकाळची ती ओळखधून, तंबोऱ्यावर वाजणारं व्हायोलिन, त्याच्याच नावावर आहे. तुम्हाला आठवत नसेल तर घरात आजीला विचारा, ती गुणगुणून दाखवील. मानोऱ्यात सिनेगॉग नाही, ज्यू वस्ती नाही, सगळ्यात जवळचा ज्यू माणूस बहुधा शेकडो किलोमीटर दूर. तरी हिटलरपासून जीव वाचवून आलेल्या माणसाने बांधलेले ते सूर इथल्या ओट्यांवर, कपाशीच्या शेतात, एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये रोज पहाटे कित्येक वर्षं वाजले. कुठल्याही दगडी इमारतीपेक्षा लांबवर पोचलेला हा वारसा आहे आणि त्यावर पाटी लावायला जागाच नाही.

चित्रकारांचंही तसंच. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप 1947 मधला : सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. त्यांतले हरी अंबादास गाडे आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले. या पोरांची चित्रं कुणी विकत घेत नव्हतं, तेव्हा ज्यांनी ती घेतली, त्यांवर लिहिलं, रंग कसा लावतात ते दाखवलं, त्यांत तीन नावं कायम येतात : रुडी फॉन लायडन, वॉल्टर लँगहॅमर आणि इमॅन्युएल श्लेसिंगर. तिघेही नाझींमुळे घरदार सोडून मुंबईत आलेले. लँगहॅमर स्वतः ज्यू नव्हता, त्याची बायको होती. काळा घोड्याच्या गॅलऱ्या आणि निळं सिनेगॉग यांच्यात चालत दहा मिनिटंही लागत नाहीत. वॉक मात्र दोन वेगळे आहेत, एक ‘आर्ट’चा, एक ‘ज्यू’.

इथपर्यंत यजमानांची गोष्ट टिकून राहते, थोडी जास्त सुंदरही होते. अडचण पुढे आहे.

3 सप्टेंबर 1939 ला ब्रिटनने युद्ध पुकारलं आणि हिंदुस्थानातल्या जर्मन पासपोर्टवाल्यांना शत्रूराष्ट्राचे नागरिक म्हणून पकडायला सुरुवात झाली. त्यांत नाझी होते, मिशनरी होते, आणि ज्यू निर्वासितही होते. ज्यांच्या पासपोर्टवर जर्मनीनेच 1938 मध्ये लाल ‘जे’ मारून हे आमचे नव्हेत असं जाहीर केलं होतं, ते इथल्या पोलिसांच्या लेखी जर्मनच. त्यांना अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, तारेच्या कुंपणात ठेवलं. चौकशी समितीने पुष्कळांना लवकर सोडलं. 1940 मध्ये युरोपात जर्मनीची सरशी झाली तशी पुन्हा धरपकड झाली. पुढे कुटुंबांना साताऱ्याला आणि पुरंदरवर ठेवण्यात आलं. हो, तोच पुरंदर. संभाजीराजांचा जन्म आणि 1665 चा तह म्हणून आपण जिथे चढतो, तिथे वाटेत इंग्रजांच्या काळचे पडके बंगले आणि चर्च लागतं. त्या माचीवर जर्मन कुटुंबं नजरकैदेत राहिली, त्यात जर्मन ज्यूही होते. ट्रेकर लोक त्या चर्चच्या कमानीत फोटो काढतात. तिथे कोण राहिलं, हा प्रश्न त्या कॅप्शनमध्ये मी तरी पाहिलेला नाही.

पकडणारे ब्रिटिश होते, आपण नाही, हे पुन्हा कबूल. पण गोष्ट ‘भारतात’ अशी सांगायची आणि अडचणीचं पान आलं की ‘ब्रिटिशांनी’ म्हणायचं, हे जरा सोयीचं होतं. ससूनची लायब्ररीही ब्रिटिश राजवटीतच उभी राहिली. तिचं श्रेय घेताना आपण असा फरक करत नाही.

महायुद्धातली एक जागा आपण खरोखर जपली आहे, तीही बघायला हवी. कोल्हापूरजवळ वळिवडे. रशियाने सैबेरियाकडे हाकलून दिलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका-मुलं, 1943 ते 1948 या काळात इथल्या छावणीत राहिले. कोल्हापुरात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, पोलंडहून म्हातारी माणसं येऊन रडून जातात, मराठी वर्तमानपत्रं दरवेळी मोठी बातमी करतात. ते प्रेम खरं आहे आणि मला ते आवडतं. पण आठवणीसाठी आपण निवडलं काय, तेही लक्षात घ्यावं. वळिवडे यजमानांच्या गोष्टीत चपखल बसतं. पुरंदर बसत नाही. त्यामुळे एकीकडे स्तंभ आहे आणि दुसरीकडे पडकी कमान. शिवाय पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकींत फाळणीत उखडलेले सिंधी आले आणि त्यांनी गांधीनगर वसवलं, हा दुसरा अध्याय स्तंभाच्या बातमीत फार तर एका ओळीत येतो.

गांधीनगरवरून गांधींवर येऊ, कारण या सगळ्या प्रकरणातली सर्वांत अवघड जागा आमच्या विदर्भातच आहे. मानोऱ्याहून दारव्हा, यवतमाळ करत वर्ध्याला गेलं की सेवाग्राम. शाळेच्या सहलीत आपण सगळे तिथे गेलेलो असतो. बापूकुटीतला टेलिफोन, साप पकडायचा चिमटा, शेणाने सारवलेली जमीन. 1938 च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत एका रात्रीत शेकडो सिनेगॉग जाळली गेली. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत याच कुटीतल्या माणसाने ‘हरिजन’मध्ये ज्यूंवर लेख लिहिला. आपली सगळी सहानुभूती ज्यूंच्या बाजूने आहे, ख्रिस्ती जगाने त्यांना अस्पृश्य केलं, असं त्यात आहे. पॅलेस्टाइन अरबांचं आहे, असंही आहे. आणि जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा, मरण आलं तरी आनंदाने सोसावं, हा सल्लाही आहे. जेरुसलेमहून मार्टिन बूबर या तत्त्वज्ञाने त्याला सविस्तर उत्तर लिहिलं. ज्याला साक्षीदारच उरू दिला जात नाही त्याने सत्याग्रह कुणासमोर करायचा, असा त्याचा साधारण सवाल होता.

पण माझं मन अडकतं ते हर्मन कॅलनबाखपाशी. दक्षिण आफ्रिकेतला हा ज्यू वास्तुविशारद, गांधींचा जिवलग, टॉल्स्टॉय फार्मची जमीन देणारा. 1939 च्या सुरुवातीला तो सेवाग्रामात, तेव्हाच्या सेगावात, गांधींजवळ राहत होता. गांधींनीच लिहून ठेवलंय की अहिंसा या मित्राला बुद्धीने पटते, पण हिटलरसाठी प्रार्थना करणं त्याला जमत नाही. त्याच्याशी आपलं त्यावरून भांडण नाही, असंही ते म्हणतात. संध्याकाळची प्रार्थना, कडुलिंबाची झाडं, सगळे डोळे मिटून बसलेले, आणि त्यांच्यात एक माणूस ज्याला ते एक नाव घेता येत नाही. महाराष्ट्रात ज्यू आणि युद्ध या दोन्ही गोष्टी एका माणसाच्या घशात अडकलेल्या कुठे दाखवायच्या असतील तर त्या अंगणात दाखवता येतील.

त्याच वर्षी 23 जुलैला गांधींनी वर्ध्याच्या पत्त्यावरून हिटलरला छोटंसं पत्र लिहिलं. युद्ध टाळा, अशी विनंती. सरकारने ते पुढे जाऊ दिलं नाही. मुंबईत गावदेवीला मणिभवनात हे पत्र बघायला मिळतं आणि त्याच्यासमोर हमखास गर्दी असते. ‘मित्रा’ असं संबोधन वाचून लोक हसतात किंवा हळहळतात. पत्र पुन्हा वाचा. त्यात ज्यूंचा उल्लेख नाही. आठ महिन्यांपूर्वी ज्यांच्यावर अख्खा लेख लिहिला, ते या पत्रात नाहीत. मी गांधींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. शांततेची विनंती करणारा माणूस कशाचा उल्लेख करतो आणि कशाचा टाळतो, याला त्याची कारणं असतात. पण केनेसेथ एलियाहूपासून मणिभवनापर्यंत टॅक्सीने जेमतेम अर्धा तास. त्या वॉकमध्ये हे पत्र घेतलं तर ऐकणाऱ्याला काहीतरी विचारावंसं वाटेल. आज त्याला फक्त टाळी वाजवावीशी वाटते.

एवढा आग्रह का, असं कुणी विचारील. कारण आपल्याकडे हिटलर फार स्वस्तात मिळतो. रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांच्या शेजारी त्याचं आत्मचरित्र असतं. कडक मास्तरला आपण लाडाने हिटलर म्हणतो. ‘देशाला एक हिटलर पाहिजे’ हे वाक्य मानोऱ्याच्या चौकात चहा संपेपर्यंत दोनदा ऐकू येतं. आणि ज्या ग्रुपवर हे चालतं, त्याच ग्रुपवर दुसऱ्या दिवशी इस्राएलच्या ताकदीचा व्हिडिओ फिरतो. दोन्हीला तीच माणसं अंगठा देतात. यात विसंगती आहे हे त्यांना दिसत नाही, कारण दोन्हीकडे त्यांना फक्त ताकद दिसते. माणसं दोन्हीकडे नसतात. गाझाची नसतात आणि त्यापूर्वी वॉर्साची नव्हती.

मराठी वाचकाने या विषयावर वाचलंच नाही असं नाही. वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ पिढ्यांनी वाचलं, ग्रंथालयांत त्याच्या प्रती झिजल्या. मेहनतीचं, वाचनीय पुस्तक आहे. पण नावातच गोष्टीचा नायक ठरून जातो. भस्मासुराच्या कथेत आपल्याला भस्मासुर आठवतो, मोहिनी आठवते, शंकर आठवतो. त्याने कुणाला भस्म केलं, ती नावं त्या कथेत नाहीतच. युरोपच्या सहलीला जाऊन आउशवित्झवर लिहिलेली मराठी प्रवासवर्णनंही मी बरीच वाचली. केसांचा ढीग, बुटांचा ढीग, लेखकाचं सुन्न होणं, मग संध्याकाळी हॉटेलात जेवण गेलं नाही. सुन्न होणं खरं असेल. पण त्यातला एकही लेखक परत येऊन पुरंदरला गेल्याचं माझ्या वाचनात नाही. दुःख दूर असलं की त्यावर लिहायला सोपं जातं, कारण आपण त्यात कुणीच नसतो.

पण आपण खरंच कुणी नसतो का? मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाची काशी, सेवालाल महाराजांचं समाधिस्थळ. 2024 च्या ऑक्टोबरात तिथे समाजाच्या इतिहासाचं भव्य संग्रहालय सुरू झालं. तिथे फिरताना एक फरक चटकन जाणवतो. इथे समाजाची गोष्ट समाजाच्याच तोंडून येते, कुणी यजमान मध्ये नाही. तांड्यावरची पोरं आपल्या आजीचा पेहराव काचेत बघतात आणि आजी शेजारी तोच घालून उभी असते. मुंबईच्या सिनेगॉगमध्ये हे होऊ शकत नाही, कारण 1948 च्या सुमारास वीस हजारांच्या घरात असलेला समाज आता देशभरात पाच हजारांच्या आत उरला आहे. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर सांगणारे बहुतेक निघून गेले होते. दारावर पोलीस चौकी आहे, ओळखपत्र दाखवावं लागतं, 2008 मध्ये नरिमन हाउसमध्ये काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. उरलेल्या मोजक्या माणसांनी वारसाही सांभाळायचा आणि पाहुण्यांना गोष्टही सांगायची, ही अपेक्षा जास्तच आहे.

पोहरादेवीहून दुसरीही एक वाट निघते. युरोपातले रोमा लोक, ज्यांना तिथे जिप्सी म्हणून हिणवतात, त्यांची भाषा भारतातून गेलेली आहे, यावर भाषातज्ज्ञांचं एकमत आहे. बंजारा समाजातले अनेकजण त्यांना आपले दुरावलेले भाऊबंद मानतात. हे नातं अजून सिद्ध झालेलं नाही, पण तांड्यातांड्यांत ते अभिमानाने सांगितलं जातं. नाझींनी या रोमांनाही मारलं. आकडे दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत सांगतात. आउशवित्झमध्ये त्यांच्यासाठी वेगळा विभाग होता. 2 ऑगस्ट 1944 च्या रात्री तो रिकामा केला, चार हजारांहून जास्त माणसं एका रात्रीत गॅसमध्ये. आर्य, स्वस्तिक, हिटलरला भारताबद्दल आदर होता वगैरे जे फॉरवर्ड आपल्याकडे येतात, त्यांच्यासमोर ही रात्र ठेवून बघा. ज्या युरोपीय समाजाचं मूळ खरोखर भारतात होतं, त्याला हिटलरने गॅसमध्ये घातलं. बर्लिनमध्ये संसदेजवळ त्यांचं स्मारक व्हायला 2012 साल उजाडलं.

पोहरादेवीच्या संग्रहालयाबाहेर गाडी लावायला मोठी जागा आहे. तिथे मागच्या महिन्यात एका मोटारसायकलच्या मागच्या नंबरप्लेटवर, सेवालाल महाराजांच्या स्टिकरच्या बरोबर खाली, ‘हिटलर’ असं लिहिलेलं होतं. अक्षर वळणदार होतं, पेंटरकडून करून घेतलेलं. मालक येईपर्यंत थांबलो. विशीतला पोरगा होता, हसरा. मी त्याला 2 ऑगस्टच्या रात्रीबद्दल सांगितलं. तो म्हणाला, “आमचे लोक होते तिथं? कोणी सांगतलंच नाही न भाऊ.” मग त्याने मोबाइल काढला आणि मला ते नाव परत सांगायला लावलं, रोमा, आणि तिथेच उभं राहून शोधायला लागला.